होळकरांची ड्यूसेनबर्ग: रंगाखालचं लोखंड

भिलाईत रूळ तयार झाला की त्याच्या बाजूवर कारखान्याचं नाव आणि वर्ष-महिना उमटलेला असतो, शिवाय हीटचा, म्हणजे पोलादाच्या एका घाण्याचा, नंबर ठोकलेला असतो. पुढे तो देशात कुठेही जाऊन पडो, कोणत्या हीटचा ते विचारता येतं. ४ फेब्रुवारी १९५९ला पहिली झोतभट्टी सुरू झालेल्या या गावात राहिलं की लोखंडावरचे आकडे वाचायची खोड लागते. जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे जाणकारही तेच करतात. रंग नवा देता येतो, चामडं बदलता येतं. त्यांची नजर आधी ठोकलेल्या नंबराकडे जाते.

मराठी माणसाच्या हाती आलेली या कुळातली एक गाडी इंदूरला होती. तिथले महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे विकत घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून बांधून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जवळजवळ ३.९ मीटर, आणि बसणार फक्त दोघं! उधळपट्टी म्हणायची तर म्हणा. पण आपल्या माणिकबाग राजवाड्यासाठी शिल्पकार ब्रांकुशीची शिल्पं घेणाऱ्या या राजाची नजर साधी नव्हती.

ती गाडी शर्यतीसाठी नव्हती. पण तिचं रक्त शर्यतीचंच. फ्रेड आणि ऑगस्ट या ड्यूसेनबर्ग बंधूंच्या गाडीने १९२१ची फ्रेंच ग्रां प्री जिंकली होती, आणि १९२४, १९२५, १९२७ला इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही. १९२६ला कंपनी ई. एल. कॉर्ड यांनी घेतली. मग ६.९ लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडरांचं ‘मॉडेल जे’ आलं. सुपरचार्जर जोडला की तेच एसजे, ताकद ३२० अश्वशक्ती. फ्रेडचा मृत्यू १९३२ला याच एसजेच्या अपघातानंतर झाला.

मालकी आणि शर्यतीचा इतिहास कसा उलगडतो ते पाहायला हिचीच बहीण बघावी. ऑगस्टने तयार केलेली एसजे घेऊन शर्यतीचे चालक अ‍ॅब जेंकिन्स १९३५ला युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर उतरले. चोवीस तासांची सरासरी ताशी १३५.५८ मैल, म्हणजे सुमारे २१८ किलोमीटर. एका दिवसात पाच हजार दोनशेच्या वर किलोमीटर झाले: भिलाईवरून जाणाऱ्या मुंबई-हावडा लोहमार्गाच्या अडीचपटीहून जास्त.

पुढच्याच वर्षी त्या गाडीत विमानाचं बारा सिलिंडरांचं इंजिन बसवलं गेलं, आणि वर्तमानपत्राच्या स्पर्धेतून ‘मॉर्मन मीटिअर’ हे नाव आलं. मग विमानाचं इंजिन निघालं, ड्यूसेनबर्गचं परत आलं, गाडी रस्त्यावर फिरू लागली. जेंकिन्स सॉल्ट लेक सिटीचे महापौर झाले. पुढे त्यांनी ती विकली. इथेच खरी कसोटी लागते. इंजिन काढलं-घातलं म्हणजे ती तीच गाडी का? जाणकार चासीचा नंबर धरतात, इंजिनचा ताडून पाहतात, मग जुन्या फोटोंमधल्या एकेका तपशिलाशी पडताळतात. ड्यूसेनबर्गच्या दुनियेत गाडीला इंजिनच्या नंबरानेच हाक मारतात. हिची हाक ‘जे-५५७’.

२००४च्या लिलावात ती ४४ लाख ५५ हजार डॉलरला गेली. नव्या मालकाने तिला पुन्हा १९३५चं शर्यतीचं रूप दिलं आणि २००७ला कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिने सर्वोच्च मान मिळवला. काम देखणं झालं, यात शंका नाही. मला मात्र रस्त्यावरच्या वर्षांची हुरहुर लागते. महापौरांची गाडी म्हणून ती जशी धावली, ते रूप पुसलं गेलं. तोही इतिहासच होता ना?

होळकरांच्या गाडीवर ही वेळ आली नाही. तिच्या बॉडीसारखी दुसरी नाही, त्यामुळे ओळखीचा घोटाळा फारसा नाही. पण ती इथे राहिली नाही. अमेरिकेत, संग्राहकांच्या हाती गेली. इंदूरला माणिकबाग अजून उभी आहे. तिथे आता केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय चालतं.