खानदेशातला ‘ख’

तुमच्या दप्तरात या घटकेला किती छापील कागद आहेत ते मोजून पाहा. क्रमिक पुस्तके असतील, वहीचे वेष्टन असेल, एस.टी.चे तिकीट असेल, एखादी लग्नपत्रिकाही असेल. हे सारे आपण वाचतो, पण क्वचितच ‘पाहतो’. वाचताना आपले लक्ष अर्थाकडे असते, अक्षराच्या आकाराकडे नसते. परंतु आकार फसला की अर्थही फसतो. तो कसा, ते आता पाहू या.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या मुलखाला आपण खानदेश म्हणतो. या नावातले पहिलेच अक्षर मोठे खोडकर आहे. जुन्या वळणाचा ‘ख’ म्हणजे जवळजवळ उभे केलेले ‘र’ आणि ‘व’. त्यामुळे ‘खा’ आणि ‘रवा’ यांत फरक करणे कठीण होई. यावर उपाय अगदी साधा निघाला. ‘र’ची खालची शेपटी लांबवून ती ‘व’ला जोडली, की दोन तुकड्यांचे एक अक्षर होते. १९५३ साली लखनौ येथे लिपिसुधार परिषद भरली होती, तिच्यातही अशा फसव्या अक्षरांचा विचार झाला. आता तुमच्या पाठ्यपुस्तकातला ‘ख’ पाहा. जोड दिसते ना?

अशी आणखीही अक्षरे आहेत. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ शेजारी शेजारी लिहून पाहा. मुख्य फरक डोक्यापाशी आहे. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या शिरोरेषेत डाव्या बाजूला एक छोटी फट असते. ती फट बुजली, तर ‘धडा’चा ‘घडा’ होतो आणि ‘भार’चा ‘मार’!

ही फट बुजते कशी? पूर्वी शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे खिळे ओतत आणि एकेक खिळा हाताने जुळवून मजकूर तयार करत. आज बहुतेक छपाई ऑफसेट पद्धतीने होते. पद्धत कोणतीही असो, कागद खरखरीत आणि सच्छिद्र असला की त्याचे धागे केशाकर्षणाने शाई ओढून घेतात आणि रेषा किंचित जाड होते. मोठ्या अक्षरात ते जाणवत नाही. बारीक अक्षरात मात्र पोटातली पांढरी जागा भरून जाते. म्हणून चांगला अक्षररचनाकार काळ्या रेषेइतकाच पांढऱ्या जागेचाही विचार करतो.

जळगावजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. तरीही त्यांनी छापखान्यावर कविता रचली. छापला की कोरा कागदही शहाणा होतो, याचे त्यांना नवल वाटले. पण कागद शहाणा व्हायचा तर त्यावरचे अक्षर स्पष्ट उमटायला हवे.

आता ओळींकडे वळू या. वाचताना आपली दृष्टी ओळीवरून सरळ सरकत नाही. ती उड्या मारत जाते आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकते. ओळ संपली की पुढच्या ओळीच्या आरंभाकडे मोठी उडी घ्यावी लागते. ओळी फार लांब किंवा फार दाट असल्या तर ही उडी चुकते आणि आपण तीच ओळ पुन्हा वाचतो. त्यातून देवनागरीत वर मात्रा, वेलांटी आणि रफार, तर खाली उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू नये, म्हणून देवनागरीत दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक मोकळी जागा सोडावी लागते.

काही वेळा वळण चुकीचे नसते, वेगळे असते. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर ओलांडून मध्य प्रदेशात सेंधव्याकडे जाताना दुकानांच्या पाट्या पाहा. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात, हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची प्रमाण वळणे ठरवली. तरी मराठी पत्रिकांतही हिंदी वळणे आढळतात. याचे कारण असे, की संगणकात दोन्ही ‘ल’ना सांकेतांक एकच आहे. कोणते वळण उमटायचे ते फाँट ठरवतो.

आता जरा गंभीर उदाहरण घेऊ. कापूस आणि केळी ही खानदेशची पिके. त्यांवर फवारायच्या कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे लक्षात ठेवा. ही खूण निरक्षरालाही दुरून कळते. पण किती पाण्यात किती औषध घालायचे, हे आतल्या घडीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘१.५ मिलिलिटर’मधला टिंब उमटला नाही, तर वाचणारा ‘१५’ वाचील. म्हणजे दहापट विष! इथे सुबक छपाई ही हौस उरत नाही, ती सुरक्षितता होते.

एक प्रयोग करून पाहा. घरातले पाच छापील कागद घ्या आणि भिंगातून ‘ख’, ‘ध’, ‘भ’ व दशांशचिन्ह तपासा. मग तेच कागद संध्याकाळच्या उजेडात आजीआजोबांना वाचायला द्या. ते कुठे अडखळतात ते टिपून ठेवा. शाळेच्या हस्तलिखिताची किंवा स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेची पाने आखताना ही टिपणे तुम्हाला फार उपयोगी पडतील.