किमोनोच्या घडीतली सुरी

लेक सासरी निघाली की आई तिला काय काय देते? साड्या, भांडीकुंडी, एखादा दागिना... पण सुरी? जपानमधल्या सामुराई, म्हणजे लढवय्या घराण्यांत मुलगी मोठी झाली की तिला एक छोटी सुरी मिळत असे. तिचं नाव 'काइकेन'. किमोनोच्या छातीजवळच्या घडीत ती लपवायची आणि सासरी जातानाही सोबत न्यायची!

जपानी तलवारीबद्दल आपण ऐकलेलं असतं, पण तिच्या धाकट्या बहिणी फारशा माहीत नसतात. एक फुटाच्या आतलं पातं असलं की ते 'तांतो', एक ते दोन फुटांचं असलं की 'वाकिझाशी'. पुरुष कमरेला लांब तलवार आणि वाकिझाशी अशी जोडी लावत. काइकेन म्हणजे बायकांचा तांतोच, पण साधा, नक्षीकामाचा बडेजाव नसलेला. बुटक्या छताच्या घरात लांब तलवार फिरवायला जागा कुठली? तिथे छोटं पातंच कामाला येतं.

ही पाती घडवण्याचं कसबही बघा. नदीतली लोहयुक्त वाळू आणि कोळसा तीन दिवस, तीन रात्री भट्टीत जाळून पोलाद काढायचं. ते ठोकून, घड्या घालून पातं करायचं. मग पाठीवर मातीचा जाड थर, धारेकडे पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ मात्र जरा मऊ राहते. म्हणून पातं धारदारही आणि चिवटही. नंतर १८७६ साली सरकारने शस्त्र लावून रस्त्यावर फिरायला बंदी घातली, तेव्हा कितीतरी कारागिरांचा हात स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांकडे वळला. सेकी आणि साकाई ही गावं आज त्या सुऱ्यांसाठी जगभर ओळखली जातात.

पण मैत्रिणींनो, या सुरीची दुसरी बाजू ऐकून काळजात चर्र होतं. ती अंगावर येणाऱ्यासाठी होती, तशीच स्वतःसाठीही होती. शत्रूच्या हाती पडण्याची वेळ आली तर गळ्याची शीर कापून घ्यायची, हे मुलींना शिकवलं जाई. मेल्यावरही देह अस्ताव्यस्त दिसू नये म्हणून आधी गुडघे बांधून घ्यायचे, हेसुद्धा! १८६८ साली आइझू शहरात शत्रूचं सैन्य शिरलं, तेव्हा साइगो तानोमो या मोठ्या सरदाराच्या घरी कुटुंबातल्या आणि नात्यातल्या २१ जणांचा असाच अंत झाला. त्यात त्याची आई होती, बायको होती, अगदी लहान लेकीही होत्या.

त्याच शहरात, त्याच लढाईत यामामोतो याएको नावाची बाईही होती. तिने केस कापले, बंदूक उचलली आणि किल्ल्यातून लढली. किल्ला पडला, पण ती जगली. पुढे क्योतोमध्ये मुलींच्या शाळेच्या उभारणीत तिचा हातभार लागला, युद्धात तिने परिचारिका म्हणून जखमींची सेवा केली. १९३२ पर्यंत ती जगली. एवढं सगळं तिच्या हातून झालं, कारण ती जगली!

आज जपानी नवरी पांढरा किमोनो नेसते तेव्हा कमरपट्ट्यात गोंडा लावलेली रेशमी पिशवी खोचते. ती काइकेनची. आत बहुतेक वेळा खरं पातं नसतंच, राहिलाय तो मान आणि अमंगळ टळावं ही भावना. आपल्याकडे नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार असते ना, तसंच काहीसं. फक्त तिथे ती नवरीकडे असते, एवढाच फरक.

महिला मंडळात बसलं की आया सांगतात, "मुलीच्या पर्समध्ये तिखटाची पुडी ठेवते हो." ठेवा, जरूर ठेवा. पण तिच्याबरोबर एक गोष्ट आवर्जून सांगा, की "बाळा, काही वाईट घडलंच तर लाज तुझी नाही, करणाऱ्याची. घराचं दार तुला उघडं आहे." अब्रूचं सगळं ओझं लेकीच्या गळ्यात बांधलं, की हातात दिलेलं शस्त्र शेवटी तिच्यावरच उलटतं. आइझूच्या त्या घराने हेच तर दाखवलं, नाही का?