तिरक्या घराचं सुतारकाम

शिडाच्या होडीतल्या सुतारकामावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेही सोलापूरच्या माणसाला. इथं पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, फार तर हिप्परगा. सुतार मात्र भरपूर.

होडी कोणती, याचा विचार करावा लागला नाही. ‘सुहैली’ मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधली गेली आणि 1964 च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. लांबी 32 फूट. व्यापारी जहाजांवरचा इंग्रज अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तिच्या मालकांपैकी एक. 14 जून 1968 ला तो फाल्मथहून एकटा निघाला आणि कुठल्याही बंदराला न लागता, पृथ्वीला वळसा घालून 22 एप्रिल 1969 ला तिथंच परतला. ही एकट्यानं जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत होती. तीत नऊ जण होते, पुरी केली ती यानं एकट्यानं. इतिहास एवढा पुरे.

मी अडकलो ते ड्रॉवरपाशी. शिडाची होडी वाऱ्यावर चालते तेव्हा एका अंगाला कललेली असते, कधी सलग दोन-दोन दिवस. घरातला ड्रॉवर अशा वेळी आपोआप उघडून चमचे-सुऱ्या जमिनीवर ओतेल. म्हणून होडीतल्या ड्रॉवरला खालच्या कडेशी खाच ठेवतात. बंद केला की ती चौकटीच्या पट्टीवर बसते. उघडताना आधी जरासा वर उचलायचा, मग ओढायचा. कुलूप नाही, स्प्रिंग नाही, गंजायला काही नाही.

अशा ड्रॉवरचं चित्र घेऊन साखर पेठेतल्या एका सुतारमामांकडे गेलो. त्यांचा जन्म मागांची लाकडी कामं करण्यात गेला. यंत्रमाग दिवसभर हादरतो आणि सांधे ढिले करतो, म्हणून नुसत्या खिळ्यावर त्यांचा भरवसा नाही. कागद पाहून म्हणाले, “वर मोकळं किती सोडायचं ते आधी सांगा की. लाकूड फुगलं तर उचलायचं कसं?”

सगळी मेख तिथंच आहे. जागा जास्त सोडली तर लाटेच्या धक्क्यानं ड्रॉवर उसळून सुटतो. कमी सोडली तर दमट हवेत तो हलतच नाही. बाकीची कामंही अशीच बारीक. फळीला पुढून उंच काठ हवा, पण पुसताना कचरा निघावा म्हणून कोपऱ्यात फट ठेवायची. कोपरे गोल हवेत, कारण माणूस त्यांच्यावर आदळणारच. धरायच्या दांड्याला आरपार बोल्ट हवेत, नुसता गोंद चालत नाही. होडीची कूस वाकडी असल्यानं प्रत्येक फळीसाठी आधी पुठ्ठा कापून माप घ्यावं लागतं.

“म्हणजे गुण्या घरीच ठेवायचा,” मामा म्हणाले.

हौशी माणसाची खरी चूक वेगळीच असते, असं मला वाटतं. देखणी फळी चिकटवून तो मागचा पाइप किंवा बोल्ट कायमचा झाकून टाकतो. आणि गळती नेमकी तिथंच लागते. स्क्रूनं बसवलेली फळी निदान काढता तरी येते.

‘सुहैली’लाही गळती लागली. निघाल्यावर थोड्याच दिवसांत तळाच्या फटीतून पाणी येऊ लागलं, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टननं भर समुद्रात बुडी मारून फटीत सुती दोर ठासला आणि वरून तांब्याची पट्टी मारली. पुढे दक्षिण महासागरात लाटेनं होडी आडवी केली. ती उठल्यावर पाहतो, तर केबिनच्या कडा जागच्या हललेल्या, आतल्या आडव्या भिंती सरकलेल्या. केबिन उखडली असती तर डेकला भगदाडच पडलं असतं. डोलत्या होडीत त्यानं जादा बोल्ट आणि स्क्रू पिळून ती जखडली.

समुद्रानं मोडली नाही ती होडी छपराखाली बिघडू लागली. 1997 मध्ये तिला ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवलं. तिथल्या कोरड्या हवेत, सोलापूरच्या वैशाखात दारं आकसतात तशा, तिच्या फळ्या आकसू लागल्या. 2002 मध्ये नॉक्स-जॉन्स्टननं तिला तिथून बाहेर काढलं, आणि पुढे पंच्याहत्तरीच्या आसपास स्वतः हत्यारं घेऊन तिच्या दुरुस्तीला लागला.