हॉल परिणाम: उलट्या चिन्हाचे शतक

चुंबकाचे बल तारेवर पडते, तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर नाही, असे मॅक्सवेल यांनी १८७३च्या ग्रंथात लिहून ठेवले होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांच्या हाताखाली शिकणाऱ्या एडविन हॉल यांना ते पटेना. ऑक्टोबर १८७९मध्ये त्यांनी काचेवर बसवलेल्या सोन्याच्या वर्खातून प्रवाह सोडला, वर्खाला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले आणि समोरासमोरच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज मिळवले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षे होती.

पुढच्याच वर्षी लोखंडात हे व्होल्टेज उलट चिन्हाचे निघाले. पुढे इलेक्ट्रॉन सापडला आणि कोडे आणखी बिकट झाले. वाहणारे कण ऋणभारित, मग जस्तासारख्या धातूत धनभार वाहतोय असे का दिसावे? १९२९मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांनी पुंजयामिकीतून उत्तर काढले: जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्यातल्या रिकाम्या जागा धनभारित कणांसारख्या वागतात. याच त्या 'होल'.

त्यांचे मोल कळले अर्धवाहकांमुळे. वाहक जितके विरळ, तितके हॉल व्होल्टेज मोठे. आणि सिलिकॉनमधले वाहक तांब्यापेक्षा लाखो पटींनी विरळ असू शकतात. चिन्हावरून पदार्थ एन प्रकारचा (इलेक्ट्रॉन वाहक) की पी प्रकारचा (होल वाहक) ते कळते, व्होल्टेजवरून वाहकांची घनता, आणि जोडीला रोधकता मोजली की त्यांची गतिशीलता. बेल प्रयोगशाळेतल्या पिअर्सन आणि बार्डीन यांनी बोरॉन व फॉस्फरस मिसळलेल्या सिलिकॉनची अशी मोजणी वेगवेगळ्या तापमानांना केली. मिसळ वाढली की वाहक मोकळा करायला कमी ऊर्जा पुरते, हे त्यांनी १९४९मध्ये दाखवले. १९५८मध्ये फिलिप्सच्या व्हॅन डर पाऊ यांनी नमुना कापण्याची कटकट संपवली: पातळ, सारख्या जाडीची, छिद्र नसलेली चकती कोणत्याही आकाराची असो, कडेला चार जोडण्या पुरतात.

१९८०मध्ये ग्रनोबल येथे क्लाउस फॉन क्लित्झिंग यांना अतिशीत तापमानात, तीव्र क्षेत्रात हॉल रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलताना दिसला. या पायऱ्या म्हणजे २५,८१२.८०७ ओहमला पूर्णांकाने भागून येणारे आकडे. आज रोधाचे प्रमाण त्यांवरच ठरते.

चिन्हाचे महत्त्व मात्र ओसरलेले नाही. एमएस्सीच्या प्रयोगशाळेत पी प्रकारचे जर्मेनियम तापवत नेले की एका तापमानाला हॉल व्होल्टेज शून्यावर येते आणि पुढे उलटते. उष्णतेने सुटलेले इलेक्ट्रॉन होलपेक्षा चपळ असतात, म्हणून संख्येने कमी असूनही तेच वरचढ ठरतात. पदार्थ पी प्रकारचा म्हणायचा, तर तो किती तापमानाला, हेही सांगावे लागते.