मागचं दार म्हणण्याआधी

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राज्यसभेचा विषय निघाला की बहुतेक वेळा एकाच वाक्यात निकाल लागतो: लोकांनी पाडलेल्यांची सोय. नजमा हेपतुल्ला यांची कारकीर्द या समजात नीट बसत नाही. 1980, 1986, 1992 आणि 1998 अशा चार वेळा त्या काँग्रेसतर्फे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेल्या. या निवडीत सामान्य मतदाराचा हात नसतो, असंही नाही. आपल्याकडे राज्यसभेचं मत आमदारामार्फत जातं. म्हणजे आज कल्याण पश्चिम किंवा डोंबिवलीत आमदार निवडताना आपण राज्यसभेचे मतदारही निवडत असतो. 288 आमदारांनी सहा जागा भरायच्या तर निवडून यायला साधारण 42 मतांचा कोटा लागतो. पक्षाचं तिकीट मिळालं की झालं, हा आक्षेप अर्धाच खरा. 1998 मध्ये हेपतुल्ला निवडून आल्या, पण काँग्रेसचेच अधिकृत उमेदवार राम प्रधान पडले, कारण मतं फुटली.

उपसभापतिपद शोभेचं, हा दुसरा समज. विधान परिषदेचे उपसभापती राहिलेले वसंत डावखरे ठाण्याचेच, त्यामुळे निदान ठाणेकरांनी तरी तो बाळगू नये. हेपतुल्ला 1985 मध्ये वर्षभर आणि पुढे 1988 ते 2004 राज्यसभेच्या उपसभापती होत्या. या पदावर पंतप्रधान नेमणूक करत नाहीत, सभागृह निवड करतं. 27 जुलै 2002 रोजी उपराष्ट्रपती, आणि म्हणून राज्यसभेचे सभापती असलेले कृष्ण कांत यांचं पदावर असताना निधन झालं, तेव्हा भैरोसिंह शेखावत त्यांच्या जागी येईपर्यंत राज्यघटनेच्या कलम 91 नुसार सभापतीची कामं उपसभापतीकडे आली. वाजपेयींच्या काळातही त्या या पदावर टिकल्या. याचं सगळं श्रेय निःपक्षपातीपणाला देता येणार नाही, कारण राज्यसभेत तेव्हा सत्ताधाऱ्यांकडे बहुमत नव्हतं. तरीही केवळ पक्षाच्या कृपेने सोळा वर्षं आसन सांभाळता येत नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 2003 च्या दुरुस्तीने राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढली. भाजपमध्ये गेल्यावर हेपतुल्ला 2004 मध्ये राजस्थानातून आणि 2012 मध्ये मध्य प्रदेशातून आल्या. राज्याचं प्रतिनिधित्व हा शब्द इथे पातळ होतो. आणि 2023 च्या महिला आरक्षणाने राज्यसभेत बायका वाढतील असं समजणाऱ्यांसाठी: ती तरतूद लोकसभा आणि विधानसभांपुरती आहे, राज्यसभा आणि विधान परिषद तिच्याबाहेर आहेत.