सोळा नळ्यांची ‘मॉस्क्वा’

‘मॉस्क्वा’ या युद्धनौकेचा कोणताही फोटो पाहा, नजर आधी जाते ती डेकवरच्या जाडजूड नळ्यांकडे. डावीकडे आठ, उजवीकडे आठ, सगळ्या नाळेच्या दिशेने तोंड वर करून बसवलेल्या. एकेका नळीत जवळपास पाच टनांचे, ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाचे, पाचशे किलोमीटरच्या घरात पल्ला असलेले ‘बाझाल्ट’ क्षेपणास्त्र. अमेरिकेइतक्या विमानवाहू नौका बांधणे सोव्हिएत संघाला जमणारे नव्हते. त्या बुडवणारी जहाजे मात्र बांधता येतील, असा हिशेब होता. बाकीचे जहाज या नळ्यांभोवती रचले आहे, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

या गाइडेड मिसाइल क्रूझरची बांधणी 1976 मध्ये युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या गोदीत सुरू झाली, 1979 मध्ये तिचे जलावतरण झाले. तेव्हाचे नाव ‘स्लाव्हा’. लांबी 186 मीटर, पूर्ण भाराने वजन साडेअकरा हजार टनांच्या आसपास, वेग 32 नॉट. तिच्याहून थोरली क्रूझर ‘किरोव्ह’ अणुऊर्जेवर चालणारी आणि अफाट खर्चिक. ही गॅस टर्बाइनवरची, त्या मानाने स्वस्त. याच गोदीत आपल्या ‘राजपूत’ वर्गाच्या विनाशिका बांधल्या गेल्या, आणि मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या ‘कोलकाता’ वर्गाच्या विनाशिकांनाही मिकोलाइव्हचीच टर्बाइन्स आहेत.

हवाई हल्ल्यापासून बचावासाठी धुरांड्यामागे डेकखाली फिरत्या पिंपांसारख्या रचनेत 64 ‘एस-300एफ’ क्षेपणास्त्रे ठेवलेली. शिवाय जवळच्या माऱ्यासाठी ‘ओसा’ क्षेपणास्त्रे आणि सहा नळ्यांच्या वेगवान तोफा. कागदावर ही तटबंदी तिहेरी होती. पण ‘एस-300एफ’ला लक्ष्यापर्यंत नेणारे रडार एकच, तेही पिछाडीला. ‘किरोव्ह’ला अशी दोन होती. लाटांना घासून येणारे क्षेपणास्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे साधारण तीस किलोमीटरवर येईपर्यंत जहाजाच्या रडारला दिसत नाही. ते ध्वनीपेक्षा हळू असले तरी हाती उरतात जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात ते ओळखायचे, रडार वळवायचे, मारा करायचा.

1989च्या डिसेंबरात माल्टाला बुश आणि गोर्बाचेव्ह भेटले, तेव्हा ‘स्लाव्हा’ सोव्हिएत शिष्टमंडळाच्या दिमतीला होती आणि अमेरिकेकडून ‘बेल्कनॅप’ हीही क्रूझरच. समुद्र असा खवळला की बोलणी शेवटी ‘मॅक्सिम गोर्की’ या प्रवासी जहाजावर करावी लागली. शीतयुद्ध संपवायला निघालेल्यांनी निदान जागा तरी योग्य निवडली म्हणायची! ‘बेल्कनॅप’ 1975 मध्ये ‘जॉन एफ. केनेडी’ या विमानवाहू नौकेला धडकली होती. त्यातून लागलेल्या आगीत तिचा ॲल्युमिनियमचा वरचा भाग वितळला. युद्धनौकेवर आगीइतका मोठा शत्रू नाही, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत होते.

पुढे ‘स्लाव्हा’ डागडुजीसाठी मिकोलाइव्हला परतली, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथेच वर्षानुवर्षे अडकली. ‘मॉस्क्वा’ हे नवे नाव घेऊन ती 2000 मध्ये पुन्हा समुद्रात आली आणि काळ्या समुद्रातल्या ताफ्याची ध्वजनौका झाली. 2003 मध्ये ती हिंदी महासागरात भारतीय नौदलाबरोबर सरावाला आली होती. 2015च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानने रशियाचे सुखोई पाडल्यावर तिला सीरियाच्या लाताकिया किनाऱ्याजवळ हवाई संरक्षणासाठी उभे केले. ज्या विमानवाहू नौकांसाठी ती बांधली, त्यांच्यावर एकही ‘बाझाल्ट’ डागायची वेळ कधी आली नाही.

24 फेब्रुवारी 2022 रोजी, युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, स्नेक बेटावरच्या युक्रेनी सैनिकांना शरण या म्हणून बजावणारी नौका हीच. त्यांच्या शिवराळ उत्तराचे टपाल तिकीट युक्रेनने 12 एप्रिलला काढले. दुसऱ्याच दिवशी किनाऱ्यावरून सुटलेली दोन ‘नेपच्यून’ क्षेपणास्त्रे ‘मॉस्क्वा’वर आदळली, असे युक्रेनने जाहीर केले. ‘नेपच्यून’ कीव्हच्या ‘लूच’ संस्थेचे, सोव्हिएत काळातल्या ‘ख-35’च्या आराखड्यावरून घडवलेले. रशियाच्या मते मात्र आगीमुळे दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि ओढून नेताना वादळात जहाज बुडाले. हे खरे धरले, तर आपल्याच गलथानपणाने ध्वजनौका गमावल्याची ती कबुली ठरते. शत्रूच्या क्षेपणास्त्राची कबुली देण्यापेक्षा मॉस्कोला हे सोयीचे वाटले असावे.

14 एप्रिलला जहाज तळाशी गेले. त्यावर सक्तीची लष्करी सेवा बजावणारी तरुण पोरेही होती. त्यांचे आईवडील समाजमाध्यमांवर मुलांचा ठावठिकाणा विचारू लागले. सुरुवातीला सगळे खलाशी सुखरूप असल्याचे सांगणाऱ्या रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने 22 एप्रिलला आकडे दिले: एक मृत, 27 बेपत्ता, 396 जणांची सुटका.