गिधाडें व गुरांचें औषध

दहिवलीसारख्या गांवीं ढोर मेलें कीं तें गांवाबाहेर टाकावें व गिधाडांनीं त्याचा फडशा पाडावा, अशी जुनी वहिवाट होती. पुढें ढोरें कुजत पडूं लागलीं, पण गिधाडें कांहीं येईनात.

पक्षिशास्त्रज्ञांशीं याविषयीं बोलणें काढिलें म्हणजे तें लौकरच आपल्या गोठ्याकडे वळतें. देशांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ ते २००७ या काळांत शेंकडा ९९ हून अधिक घटलीं. त्याचें कारण २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनानें उघड झालें. सुजेवर गुरांस देण्यांत येणारें डायक्लोफेनॅक हें तें कारण. औषध दिल्यावर जनावर लौकरच मेलें, तर तें मांसांत उरतें. तें मांस खाणाऱ्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात व पक्षी थोड्याच दिवसांत मरतो. वर्षास एकच अंडें घालणाऱ्या जातीची तूट लवकर भरत नाहीं.

गुरांसाठीं या औषधास २००६ सालीं बंदी झाली. केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांस २०२३ सालीं. परंतु डायक्लोफेनॅक माणसांसाठीं विकलें जातेंच, आणि खरी मेख येथेंच आहे. त्याची मोठी कुपी गोठ्यांत जाऊं नये म्हणूनच २०१५ सालीं ती एका मात्रेपुरती लहान करण्यांत आली.

आपल्याच जिल्ह्यांत, म्हसळे तालुक्यांतील चिरगांवीं, गिधाडें राखण्यासाठीं त्यांस मेलेलीं गुरें पुरविण्यांत आलीं. अशा ठिकाणीं औषध दिलेलें एक ढोरहि घातक ठरेल. यास्तव शेतकरी बंधूंनीं पशुवैद्यांस औषधाचें नांव विचारावें व गिधाडांस निर्धोक ठरलेलें मेलॉक्सिकॅम मागावें. गुरांसहि तें चांगलें लागू पडतें. दुसरें औषध दिलेलें ढोर दगावलें, तर तें उघड्यावर न टाकतां खोल पुरावें.